गाव या रकान्यात

बालीचे पैसे परत आले, सतरा हजार कापून.
सुधन्वाचा गुडघा, माझी न मिळालेली रजा,
आणि भाच्याचा फुकटचा सल्ला :
खाडीच बघा ना, घराजवळ आहे.
आहे.
बावीस वर्षं खिडकीतून तिचा वास येतो,
पाहुणे आले की आम्ही उदबत्ती लावतो.

तर माघातल्या मंगळवारी
भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे नऊ चाळीसला
आम्ही रिक्षानं परदेशी निघालो.
त्यानं बालीसाठी घेतलेला शर्ट घातला, पोपटांचा.
मी ती टोपी, जिचं लेबल अजून काढलं नव्हतं
दुकानात परत करता येईल म्हणून.
रिक्षाचे झाले अठ्ठेचाळीस.

नारिंगी जाकिटांना आदल्या माणसांचा घाम होता.
हशुराम मढवी, आमचा गाईड, यानं
माझ्या छातीवरची गाठ न बघता बांधली,
नजर पाण्यावर ठेवून,
आणि बोट तिवरांच्या कडेनं निघाली.

"डावीकरं बगा, निवट्या. मासा हाय, पन चालतं."
चिखलावर खरंच काहीतरी चाललं होतं,
दोन हातांवर, घाईत,
बँक बंद व्हायच्या आत पोचायचं असल्यासारखं.
एकच दुर्बीण आणलेली.
तो बघायचा तेव्हा मी वाट बघायची,
मी बघायची तेव्हा तो सांगायचा
कुठे बघायचं.

"आनि थय," हशुरामनं वल्ह्याएवढा हात लांबवला,
"ती पिवली बिल्डिंग, गच्चीवं निली टाकी?
थय आमचं शेत व्हतं. खारं.
आय बांधावं जवला सुकवाची."

निळी टाकी.
काळी घ्यावी की निळी, यावर तीन मीटिंगा झाल्या होत्या.
सुधन्वा सेक्रेटरी. त्याचंच मत पडलं निळ्याला.

त्यानं दुर्बीण गळ्यातून काढली
आणि पोपटावर काच पुसत बसला,
पुसलेलीच पुन्हा.
मला काही सुचेना, मी विचारलं, भात कुठला व्हायचा?
"राता. लाल. पेज केली का गुलाबी पानी."
मग साडेबारा टक्के, मग भावांचं कोर्ट, मग ही बोट.
सगळं त्यानं एकाच सुरात सांगितलं,
बगळा, ढोकरी, तुतारी सांगावी तसं.

वळणापलीकडे इंजिन बंद केलं त्यानं.
रोहित पक्षी होते. फोटोत दिसतात तितके गुलाबी नव्हते,
आमच्या पलंगावरची जुनी चादर
धुवून धुवून जेवढी उरली आहे, तेवढेच.
डोकं उलटं करून जेवत होते,
हजार असतील, दोन हजार,
आणि त्या सगळ्यांचा मिळून आवाज
लांबच्या कार्यालयात पंगत बसल्यासारखा.
सुधन्वानं माझा हात धरला
की बोट हलली म्हणून बाक धरायला गेला आणि हात सापडला,
मी तपासलं नाही.

उतरल्यावर वही पुढे आली.
नाव. मोबाइल. गाव. अभिप्राय.
गाव या रकान्यावर त्याचं पेन थांबलं.
हशुराम समोरच उभा, ओली दोरी गुंडाळत.
सुधन्वानं लिहिलं, अंबाजोगाई.
पस्तीस वर्षांपूर्वी सोडलेलं. तिथे आता
आमचं म्हणावं असं एक कुलूपही नाही.
मी खाली दोन ठिपके दिले, वरीलप्रमाणे.

"लांबून आलाव," हशुराम वाचून म्हणाला.
"जेवून जा. बायको चिंबोऱ्या करते, ताटाचे तीनशे."
आम्ही जेवलो. काटे मोजून ताटाच्या कडेला लावले.
पाहुण्यासारखे.
रिक्षा मात्र फाटकाबाहेर जाऊन केली,
पत्ता हळू आवाजात सांगून.

रात्री टाकी भरल्याचा आवाज आला,
वॉचमन असूनही तो स्वतः वर गेला.
अर्धा तास झाला. मी वाढलेला भात झाकून ठेवला,
पांढरा, कोलम,
आणि गुडघ्याची काळजी वाटून जिना चढले.
कठड्याला टेकून उभा होता, पोपटांसकट,
खाडीकडे तोंड.

काय बघतोस?

"ओहोटी लागलीय," म्हणाला.